ताब्याच्या हुकूमनाम्याला तारीख हवी

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय



भाड्याच्या घराचा ताबा कोणी कोणाकडे द्यायचा, हे ठरवणारे हुकूमनामे आपल्या देखरेखीखालच्या न्यायालयांत रोज होतात. मुंबईत ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात होतात, इतरत्र तिथल्या लघुवाद किंवा दिवाणी न्यायाधीशांपुढे. हे पत्र त्यांतल्या कोणत्याही एका दाव्याविषयी नाही. चालू प्रकरणाविषयी तर मुळीच नाही. हुकूमनाम्यावर सही-शिक्का झाल्यानंतर त्याचे पुढे काय होते, त्याविषयी आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेरियाम्मल विरुद्ध राजामणी या प्रकरणात सर्व उच्च न्यायालयांना सांगितले, की आपापल्या हद्दीतील अंमलबजावणीच्या दरखास्ती मोजा आणि त्या सहा महिन्यांत निकाली निघतील असे पाहा. ऑक्टोबरमध्ये आकडे पुढे आले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होत्या. त्याखालोखाल असलेल्या तमिळनाडूचा आकडा ८६ हजारांच्या आसपास होता. या सगळ्याच दरखास्ती घराच्या ताब्याच्या नाहीत. पैशाच्या वसुलीच्या, वाटपाच्या, जमिनीच्याही त्यांत आहेत. भाड्याच्या घरांच्या किती, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. तरीही जिंकलेला हुकूमनामा हातात घेऊन थांबलेली इतकी माणसे ज्या राज्यात आहेत, तिथे ताब्याच्या आदेशाचा वेगळा विचार व्हायला हवा. माझी मागणी साधी आहे. ताब्याच्या प्रत्येक हुकूमनाम्यात तो अमलात कधी येणार याची तारीख लिहिलेली असावी, आणि अमलात आल्यानंतर पुढे काय झाले हे न्यायालय कधी तपासणार याचीही. या दोन तारखा नसल्याने घरमालक नाडला जातो हे सगळेच सांगतात. भाडेकरू त्याहून अधिक नाडला जातो, हे फारसे कोणी सांगत नाही. ते मी मांडू इच्छितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या मुंबई राज्याचा १९४७ चा कायदा, विदर्भातला १९४६ चा आणि मराठवाड्यातला हैदराबादचा १९५४ चा, असे तीन वेगवेगळे कायदे जाऊन राज्यभर हा एक कायदा आला. त्याच्या कलम १६ मध्ये ताबा मागण्याची कारणे दिली आहेत: पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने जागा विनाकारण न वापरणे, घरमालकाची स्वतःची खरी गरज, दुरुस्ती, पाडून नवे बांधणे. भाडे थकले तरी कलम १५ मुळे लगेच ताबा जात नाही. आधी ९० दिवसांची नोटीस लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याजासह आणि खर्चासह भरली, तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. हा सगळा भाग मला योग्य वाटतो, त्यात काही काढावे असे नाही. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे, की समन्स बजावल्यापासून शक्यतो बारा महिन्यांत दावा आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत अपील निकाली निघावे. म्हणजे विधिमंडळाच्या मनात वेळेचा हिशेब होता. तो प्रत्यक्षात कुठे हरवतो, हे पाहण्यासाठी दाव्याचा रस्ता एकदा पुरता चालून पाहावा लागतो.

मुंबईत ताब्याचा दावा, न्यायालयाच्या भाषेत आर. ए. ई. दावा, दाखल होतो. समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षीपुरावा, उलटतपास असे टप्पे ओलांडून कधीतरी हुकूमनामा होतो. त्यावर त्याच लघुवाद न्यायालयातील दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे अपील. इतर जिल्ह्यांत ते जिल्हा न्यायालयाकडे जाते. पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालचा अर्ज, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीची याचिका. दिवाणी न्यायाच्या एवढ्या पायऱ्या एका खोलीसाठी चढून झाल्यावर दरखास्त सुरू होते. हुकूमनामा दोन वर्षांहून जुना झाला असेल तर पुन्हा नोटीस काढावी लागते. मग ताब्याचे वॉरंट निघते, बेलिफ जागेवर जातो, आणि दारात एखादी तिसरीच व्यक्ती उभी राहून म्हणते, की ही जागा माझी आहे, त्या दाव्याशी माझा संबंध नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ च्या नियम ९७ प्रमाणे त्या हरकतीची चौकशी करावी लागते, आणि त्या चौकशीच्या निकालाला हुकूमनाम्याचाच दर्जा असल्यामुळे त्यावर पुन्हा अपील होते. जो रस्ता एकदा चढून झाला, तोच दुसऱ्यांदा चढावा लागतो. प्रत्येक पायरीला स्वतंत्र कारण आहे, आणि त्या कारणांत चूक काढणे अवघड आहे. हरकतदार खरोखरच वेगळ्या हक्काने राहत असू शकतो; त्याला न ऐकता बाहेर काढणे अन्यायाचे होईल. दोष पायऱ्यांचा नाही. एका पायरीवरून दुसरीवर कधी जायचे, हे कोणत्याच आदेशात लिहिलेले नसते, दोष तिथे आहे.

या मधल्या काळाची किंमत कोण देतो, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने केला आहे. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे, किंवा जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली असेल तर त्या वेळचे भाडे गोठवून ठेवले होते. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाली आहे. कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून ती तरतूद त्या वेळी रद्द केली गेली नाही. पुढे आत्मा राम प्रॉपर्टीज प्रकरणाने असे ठरवले, की ताब्याचा हुकूमनामा झाला की त्या तारखेपासून भाडेकरू पूर्वीच्या भाड्यात राहण्याचा हक्क सांगू शकत नाही, आणि स्थगिती देताना न्यायालय बाजारभावाच्या जवळपासची रक्कम भरण्याची अट घालू शकते. २००९ मध्ये सुपर मॅक्स प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्याला लागू असल्याचे स्पष्ट केले. त्या प्रकरणात भाडेकरू होते खुद्द महाराष्ट्र शासन. म्हणजे स्थगितीला किंमत असावी, हे तत्त्व आपल्याकडे पक्के झाले आहे. मात्र अट घालायची की नाही, किती रकमेची, रक्कम कशाच्या आधारे काढायची आणि ती भरली नाही तर स्थगिती आपोआप उठायची की पुन्हा अर्ज करावा लागायचा, हे त्या त्या न्यायालयाच्या विवेकावर राहिले आहे. विवेक हवाच. पण दोन शेजारच्या चाळींतल्या दोन सारख्या खोल्यांबाबत दोन न्यायकक्षांत दोन रीती असतील, तर पक्षकार त्या विवेकाला नशीब म्हणू लागतात.

आता मूळ मुद्दा. ताब्याचा हुकूमनामा भरवशाचा नाही असे एकदा समाजाच्या मनात बसले, की घर असलेली माणसे त्या हुकूमनाम्याची गरजच पडू नये अशी सोय शोधतात. महाराष्ट्रात ही सोय दोन प्रकारांनी झाली. पहिला प्रकार घराला कुलूप लावण्याचा. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूंचे संरक्षण दिले. ज्यांनी आपली जागा तात्पुरती दिली होती, त्यांना ती परत मिळण्याचा मार्ग एका दिवसात बदलला. त्या दिवशी ज्यांना छप्पर मिळाले त्यांच्यासाठी ते मोलाचे होते, हे मी नाकारत नाही. पण घर दिले की गेले, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली आणि पुढच्या पिढ्यांनीही ती मनात जपली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली आणि त्यांत मुंबईचा क्रमांक पहिला होता, जवळपास ४ लाख ८० हजार. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने हे आकडे देताना आणखी एक गोष्ट नोंदवली: भारतीय शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आले. या घसरणीला एकच कारण नाही. मालकीच्या घरांना मिळालेले कर्ज, सहकारी गृहनिर्माण संस्था, गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका, या सगळ्यांचा त्यात हात आहे. तरी ज्या शहरात माणसे फलाटावर झोपतात तिथे लाखो घरे बंद राहतात, याचा ताब्याच्या भीतीशी संबंध नाही असे म्हणणे मला शक्य वाटत नाही.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि भाडेकरूचे खरे नुकसान इथे झाले आहे. आज मुंबईत, पुण्यात, नाशकात, ठाण्यात नव्याने घर घेणाऱ्या माणसाला भाडेपट्टा मिळत नाही, अकरा महिन्यांचा करार मिळतो. १९९९ च्या कायद्यात अशा परवान्यासाठी कलम २४ आहे. मुदत संपली आणि घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो. लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. घरात राहणाऱ्याला आपली बाजू मांडायची असेल, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी तशी परवानगी मिळवावी लागते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते. आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त शासनाकडे पुनरीक्षण. इथे खरी गरज आहे का हे विचारले जात नाही, कोणाचे हाल अधिक होतील हे तोलले जात नाही, मुलांची शाळा, आजारपण, गेलेली नोकरी यांना जागा नाही. एकाच शहरात एकाच कायद्याखाली दोन प्रकारची माणसे भाड्याच्या घरात राहतात. एकाच्या संरक्षणाला अंत नाही आणि दुसऱ्याला संरक्षणच नाही. पहिला वर्ग दरवर्षी आक्रसत चालला आहे. शिकायला, नोकरीला, मजुरीला शहरात येणारी जवळपास सगळी नवी माणसे दुसऱ्यात जातात. भाडे नियंत्रण कायद्याने जे भाडेकरूसाठी म्हणून निर्माण केले ते त्यांच्या वाट्याला येतच नाही, कारण ते देण्याइतका विश्वास घरमालकाला न्यायालयाच्या तारखांवर वाटत नाही. हुकूमनामा वेळेत अमलात येतो असा अनुभव लोकांना आला असता, तर कलम १५ आणि १६ ची मर्यादा पाळूनही भाडेपट्टे झाले असते. उशिराने घरमालकाचा फक्त काळ गेला. भाडेकरूचा कायदाच गेला.

ताब्याचा आदेश नेहमी घरमालकाच्याच बाजूने होतो, असाही एक समज आहे. तो खरा नाही, आणि तो दूर केल्याशिवाय मी काय मागतो आहे ते नीट कळणार नाही. स्वतःच्या गरजेसाठी घर परत घेतलेल्या मालकाने महिन्याभरात तिथे राहायला सुरुवात केली नाही, किंवा वर्षभरात ते दुसऱ्या कोणाला भाड्याने दिले, तर मूळ भाडेकरू ताबा परत मागू शकतो आणि न्यायालय त्याला पूर्वीच्याच अटींवर घरात परत बसवू शकते. ही कलम १७ ची तरतूद आहे, आणि अर्जाला मुदत आहे तेरा महिन्यांची. दुरुस्तीसाठी घर रिकामे करून देणाऱ्याला परत येण्याचा हक्क आहे; पाडून नवे बांधण्यासाठी घर सोडणाऱ्याला नव्या इमारतीत जागेचा. कायदेशीर मार्गाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत, मालकी कोणाची या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो. या तरतुदी लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. गरज खोटी असू शकते, दुरुस्तीचे निमित्त असू शकते, गुंड पाठवले जाऊ शकतात, हे त्यांनी धरूनच चालले होते.

पण कलम १७ चालवायचे कोणी? घर सोडून दहिसरला, बदलापूरला किंवा गावी गेलेल्या भाडेकरूने. आपल्या जुन्या खोलीत आता कोण राहते, दिवा लागतो का, कोणाचे सामान आले, हे त्याने शोधायचे; पुरावा गोळा करायचा; तेरा महिन्यांच्या आत वकील करायचा; आणि नंतर तोच रस्ता पुन्हा चालायचा, ज्यावरून तो नुकताच हरून आला आहे. समजा त्याने हे सगळे केले आणि जिंकला, तरी परत ताबा मिळण्याचा त्याचा हुकूमनामा त्याच दरखास्तींच्या ढिगात जाऊन बसतो. घरमालकाकडे निदान दुसरे छप्पर असते, म्हणून तो थांबू शकतो. घराबाहेर पडलेल्या भाडेकरूला थांबणे परवडत नाही. पुनर्बांधणीच्या नावाखाली घर सोडलेली कुटुंबे संक्रमण शिबिरांत किती वर्षे राहिली आणि तिथेच त्यांची पुढची पिढी कशी मोठी झाली, हे मुंबईला नवीन नाही. म्हणून मी म्हणतो, की ताब्याच्या आदेशाचा उशीर हा भाडेकरूचा मित्र नाही. ज्याच्याजवळ आज घर आहे त्याच्या बाजूने उशीर उभा राहतो, मग तो भाडेकरू असो, मालक असो, की त्या दोघांच्या मध्ये शिरलेला तिसराच कोणी असो.

माझी विनंती अशी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ ने उच्च न्यायालयाला आपल्या हद्दीपुरते नियम बदलण्याचा आणि नवे करण्याचा अधिकार दिला आहे, आणि अनुच्छेद २२७ व २३५ ने खालच्या न्यायालयांवर देखरेख दिली आहे. त्या अधिकारात, भाड्याच्या राहत्या घराच्या ताब्याचा कोणताही हुकूमनामा करताना घर सोडण्याची तारीख त्यातच लिहिली जावी. ती ठरवताना न्यायाधीशांनी घरातली माणसे पाहावीत: शाळेचे वर्ष कधी संपते, कोणी अंथरुणाला खिळले आहे का, पावसाळा आहे का. पावसाळ्याच्या चार महिन्यांत राहत्या झोपड्या पाडू नयेत असे शासनाचे धोरण आहे. भिंतींच्या घरातून बाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबालाही पाऊस तसाच लागतो. आज हा विचार होत नाही असे नाही. हरलेला भाडेकरू उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात येतो, तेव्हा हमीपत्र घेऊन त्याला काही महिन्यांची मुदत दिली जाते. जी माणुसकी शेवटच्या पायरीवर मिळते ती पहिल्याच पायरीवर मिळाली, तर कित्येक अपिले फक्त मुदत मिळवण्यासाठी दाखल होणार नाहीत. इंग्लंडमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने, काही अपवाद सोडता, ताब्याच्या आदेशाला १४ दिवसांची आणि असाधारण हाल होणार असतील तर सहा आठवड्यांची मर्यादा घातली आहे. आपल्या शहरांत नवे घर शोधणे किती कठीण आहे ते पाहता मला ही मुदत फारच तोकडी वाटते. चार ते आठ महिने दिले तरी चालतील. किती दिवस द्यायचे, यापेक्षा ते दिवस आदेशात लिहिलेले असणे मला महत्त्वाचे वाटते.

अपिलात स्थगिती देताना भरायची रक्कम, ती भरण्याची तारीख आणि न भरल्यास स्थगिती संपल्याची नोंद, या तिन्ही गोष्टी एकाच आदेशात असाव्यात. गरीब भाडेकरूसाठी रक्कम कमी ठेवायला किंवा अजिबात न लावायला कोणाची ना नाही. मात्र तसे का केले ते दोन ओळींत लिहावे. जागेत भाडेकरूशिवाय आणखी कोण कोण राहते, याची प्रतिज्ञापत्रावर माहिती दाव्याच्या सुरुवातीलाच घ्यावी, म्हणजे बेलिफ दारात गेल्यावर नव्या हक्काचा माणूस उगवण्याची शक्यता कमी होईल. खरोखर हक्क असलेल्या पोटभाडेकरूला आणि घरातल्या बाईमाणसांनाही त्यामुळे निकालाआधीच आपले म्हणणे मांडता येईल. आज त्यांना दाव्याचा पत्ता कित्येकदा वॉरंट आल्यावरच लागतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्वतःच्या गरजेवर दिलेल्या ताब्याचे प्रकरण किल्ली हातात पडली त्या दिवशी बंद होऊ नये. एका महिन्याने आणि एका वर्षाने अशा दोन तारखा दरखास्तीतच नेमाव्यात. त्या दिवशी घरमालकाने तिथे कोण राहते हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे, सोबत विजेचे बिल जोडावे, आणि त्याची प्रत जुन्या भाडेकरूला त्याने दिलेल्या पत्त्यावर किंवा मोबाइलवर जावी. कलम १७ चा हक्क तेव्हा कुठे जिवंत होईल.

याला पहिला आक्षेप येईल तो पागडीच्या भाडेकरूंकडून, आणि तो गंभीर आहे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. तिथल्या खोल्या रिकाम्या करून घेण्यात कोणाचा फायदा आहे, हे उघड आहे. उशीर हीच आमची एकमेव ढाल आहे, ती काढून घेऊ नका, असे ही माणसे म्हणतील. त्यांतल्या कित्येकांनी पागडीपोटी त्या काळच्या मानाने मोठी रक्कम मोजली आहे, आणि १९९९ च्या कायद्याने पागडीचा व्यवहार मान्यही केला आहे. त्यांना मी उपरे समजत नाही. पण ज्याची बाजू न्यायाची आहे त्याला उशिराची ढाल लागू नये. कलम १६ च्या पोटकलम २ ने न्यायालयावर बंधन घातले आहे, की गरजेच्या कारणावर ताबा दिल्याने होणारे हाल तो नाकारल्याने होणाऱ्या हालांपेक्षा अधिक असतील, तर हुकूमनामा करू नये. अर्ध्या जागेने काम भागत असेल तर तेवढ्याचाच करावा. खरी ढाल ती आहे. दावा वीस वर्षे चालला, की हालांची ती तुलना कशाशी करायची हेच कळेनासे होते. दाव्याच्या वेळी शाळेत असलेली मुले नोकरीला लागलेली असतात, ज्या आईसाठी मालकाने खोली मागितली ती हयात नसते, आणि न्यायालय जुन्या माणसांच्या जुन्या गरजांवर नवा निकाल लिहिते. माझ्या मागणीत सुनावणीचा एक दिवसही कमी करा असे नाही. सुनावणी पूर्ण व्हावी, साक्षी नीट व्हाव्यात, भाडेकरूला मोफत वकील लागत असेल तर तो मिळावा. तारीख हवी ती निकाल लागल्यानंतरची. आणि ज्यांना बांधकाम व्यावसायिकांची भीती वाटते त्यांनी हेही पाहावे, की महिन्याने आणि वर्षाने होणाऱ्या तपासणीला सगळ्यांत जास्त घाबरेल तो गरजेचे खोटे कारण सांगून खोल्या मिळवणारा माणूसच.

दुसरा आक्षेप न्यायालयांच्या ताकदीचा. न्यायाधीश कमी आहेत, बेलिफ कमी आहेत, पोलीस बंदोबस्त मागितला की महिने जातात. हे खरे आहे आणि त्याचा दोष न्यायालयाकडे नाही. पण मी मागतो त्यातले बरेचसे काम न्यायाधीशांच्या वेळेवर पडत नाही. आदेशात तारीख लिहिणे, रक्कम भरली की नाही हे नाझराने पाहणे, महिन्याने आणि वर्षाने आलेले प्रतिज्ञापत्र नोंदवहीत चढवणे, ही कार्यालयीन कामे आहेत. बंदोबस्ताची तारीखही घर सोडण्याच्या तारखेबरोबरच पोलीस ठाण्याला कळवता येईल. २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगितले, आणि चार वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागले. नुसती अंतिम मुदत सांगून काम होत नाही. मधली प्रत्येक तारीख कोणाच्या तरी नोंदवहीत असली, तरच शेवटची पाळली जाते.

तिसरा आक्षेप असा, की हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मान्यता दिली. त्यात भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण अशी वेगळी रचना आहे, आणि मुदत उलटूनही घर न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे आहे. तो नमुना जसाच्या तसा आणावा असे मला वाटत नाही. वेगळी प्राधिकरणे नेमून त्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचा आपला अनुभव जुना आहे, आणि चौपट भाड्याची भीती घालून घर रिकामे करणे म्हणजे ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्यावर जबर ओझे टाकणे. शिवाय तो कायदा नव्या करारांसाठी आहे. आज दरखास्तीत अडकलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही. भाडे किती असावे, संरक्षण कोणाला असावे, कलम २४ खालच्या माणसालाही सुनावणीचा पुरता हक्क मिळावा का, हे प्रश्न विधिमंडळानेच सोडवायचे आहेत, आणि ते त्याने सोडवावेत असे मी वेगळे म्हणेनच. न्यायालयाने दिलेला आदेश अमलात कसा येतो, ही बाब मात्र न्यायालयाची स्वतःची आहे.

आणि उच्च न्यायालय हे करू शकते, याचा पुरावा फार जुना नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली तेव्हा याच न्यायालयाने, पक्षकारांना एकेकटे दारात यायला न लावता, आपल्या अधिकारक्षेत्रातील न्यायालयांनी दिलेले निष्कासनाचे, ताब्याचे आणि पाडकामाचे आदेश तहकूब ठेवले, आणि परिस्थिती पाहून ही मुदत २०२१ पर्यंत पुन्हा पुन्हा वाढवली. राज्यातल्या आणि गोव्यातल्या हजारो घरांचा विचार तेव्हा एका आदेशाने झाला. कोणाला अन्यायाने रस्त्यावर यावे लागू नये ही काळजी त्यामागे होती. ज्या अधिकाराने सगळे आदेश एका दिवशी थांबवता आले, त्याच अधिकाराने त्यांना शिस्तीत पुढे नेताही येईल.

पहिले पाऊल म्हणून एवढेच व्हावे: आपल्या हद्दीतील ३ लाख ४१ हजार दरखास्तींतून भाड्याच्या राहत्या घरांच्या दरखास्ती वेगळ्या काढाव्यात, आणि जिल्हावार आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावेत. हुकूमनामा कोणत्या वर्षाचा, कोणत्या कारणावर, घरमालकाच्या बाजूने की भाडेकरूच्या, स्थगिती आहे का, असल्यास कोणत्या अटीवर, आणि हरकतदार आले आहेत का, एवढे रकाने पुरेत. कलम १७ खाली किती भाडेकरूंनी ताबा परत मागितला आणि किती जणांना तो खरोखर मिळाला, हा एक रकाना त्यात जरूर असावा. नियम समितीपुढे हा विषय येईल तेव्हा तिच्या हातात हे आकडे असतील, तर वकील संघटना, घरमालकांच्या संघटना आणि भाडेकरू संघ यांना नेमक्या कशावर बोलायचे ते कळेल.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक